उणे १७ पासून वेम्ब्लीपर्यंत

इंग्लंडमधला व्यावसायिक फुटबॉल म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर प्रीमियर लीगचे २० संघ येतात. शनिवारी-रविवारी रात्री टीव्हीवर दिसतात ते हेच. पण या २० संघांच्या खाली आणखी तीन लीग आहेत : चॅम्पियनशिप, लीग वन आणि लीग टू. प्रत्येकीत २४ संघ. म्हणजे एकूण ९२ क्लब चार पायऱ्यांवर उभे आहेत. दर वर्षी प्रत्येक पायरीवरचे काही संघ वर जातात, काही खाली घसरतात. चौथ्या पायरीवरून घसरला तो या ९२ जणांच्या यादीतूनच बाहेर पडतो.

वरच्या पायरीवरचे खेळाडू जगभर ओळखले जातात. खालच्या तीन पायऱ्यांवर खेळणाऱ्यांची गोष्ट वेगळी. ती माणसेही पूर्णवेळ फुटबॉलच खेळतात, रोज सराव करतात, पावसाचिखलात ९० मिनिटे धावतात. पण कारकीर्द संपली की त्यांच्याकडे आयुष्यभर पुरेल इतका पैसा नसतो आणि नावही नसते. तिशीच्या पुढे-मागे गुडघा किंवा घोटा दगा देतो आणि पुढे काय, हा प्रश्न समोर येतो. त्यांतले काही जण प्रशिक्षक होतात. त्यांतल्याही थोड्यांनाच पहिल्या पायरीपर्यंत जाता येते.

या प्रकरणात अशा एका माणसाची कारकीर्द तपशिलात पाहू : एडी हाऊ. खालच्या लीगमधला एक चांगला बचावपटू, एवढीच त्याची खेळाडू म्हणून ओळख होती. प्रशिक्षक म्हणून मात्र त्याने एका दिवाळखोर क्लबला चौथ्या पायरीच्या तळातून पहिल्या पायरीवर नेले आणि दुसऱ्या एका क्लबचा देशांतर्गत चषकांचा ७० वर्षांचा दुष्काळ संपवला. हे त्याला जमले कसे, याचे उत्तर माझ्या मते त्याच्या खेळाडूपणाच्या वर्षांत आहे. खालच्या लीगमध्ये हवा तो खेळाडू विकत आणता येत नाही. जो हाताशी आहे त्यालाच अधिक चांगले करावे लागते. हाऊ ही एक गोष्ट शिकला आणि पुढे मोठ्या क्लबमध्ये गेल्यावरही विसरला नाही.

समुद्रकाठचा छोटा क्लब

हाऊचा जन्म २९ नोव्हेंबर १९७७ चा, लंडनच्या वायव्येला असलेल्या अ‍ॅमरशॅम गावातला. लहानपणीच तो इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या डॉर्सेट परगण्यात आला. तिथले बोर्नमथ हे सुट्टी घालवायला येणाऱ्यांचे शहर. लांबलचक वाळूचा किनारा आणि निवृत्तांची वस्ती, अशी त्याची ख्याती. फुटबॉलचे शहर म्हणून त्याचे नाव कोणी घेत नसे. तिथल्या ए. एफ. सी. बोर्नमथ या क्लबने कधी पहिली पायरी पाहिली नव्हती.

याच क्लबच्या युवा संघातून हाऊ वर आला आणि डिसेंबर १९९५ मध्ये, १८ व्या वर्षी, मुख्य संघाकडून पहिला सामना खेळला. जागा सेंटर बॅकची, म्हणजे गोलरक्षकाच्या पुढ्यात उभे राहून प्रतिस्पर्धी आघाडीपटूंना थोपवण्याची. तिसऱ्या पायरीवरच्या क्लबमध्ये असूनही १९९८ मध्ये त्याला इंग्लंडच्या २१ वर्षांखालील संघाकडून दोन सामने खेळायला मिळाले. खालच्या लीगमधल्या मुलासाठी ही मोठी गोष्ट होती.

त्या काळातला बोर्नमथ क्लब सतत पैशाच्या चणचणीत असे. जानेवारी १९९७ मध्ये तर तो बंद पडण्याच्या बेतात होता. तेव्हा शहरातल्या विंटर गार्डन्स या सभागृहात समर्थकांची प्रचंड सभा झाली. लोकांनी बादल्या फिरवून पैसे गोळा केले आणि पुढे क्लब समर्थकांच्या ट्रस्टच्या हाती आला. १९ वर्षांच्या हाऊने हे जवळून पाहिले. आपला पगार आणि आपले मैदान कोणाच्या खिशातून येते, हे त्याच्या पिढीच्या बोर्नमथच्या खेळाडूंना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

मैदानावरही त्याला चांगले गुरू लाभले. मेल मॅचिन यांनी त्याला पहिली संधी दिली. त्यांच्यानंतर २००० मध्ये शॉन ओ'ड्रिस्कॉल प्रशिक्षक झाले. खालच्या लीगमध्ये त्या वेळी चेंडू उंच टोलवायचा आणि मागे धावायचे, हीच बहुतेकांची रीत होती. ओ'ड्रिस्कॉल मात्र चेंडू जमिनीवर ठेवून, छोट्या पासांनी पुढे नेण्याचा आग्रह धरत. आपल्या विचारांवर त्यांचा मोठा प्रभाव आहे, हे हाऊने पुढे मोकळेपणाने सांगितले आहे.

गुडघा

मार्च २००२ मध्ये हॅरी रेडनॅप पोर्ट्समथचे मॅनेजर झाले. ते स्वतः १९८३ ते १९९२ बोर्नमथचे मॅनेजर होते, त्यामुळे या क्लबची त्यांना खडानखडा माहिती. त्यांनी चार लाख पौंड मोजून हाऊला घेतले. पोर्ट्समथ तेव्हा दुसऱ्या पायरीवर होता. हाऊ २४ वर्षांचा होता आणि वर जाण्याची वाट मोकळी दिसत होती.

ती वाट लगेच बंद झाली. पदार्पणाच्या सामन्यातच गुडघ्याला दुखापत झाली. त्यातून बरा होऊन २००२-०३ च्या हंगामाच्या पहिल्या सामन्यात नॉटिंगहॅम फॉरेस्टविरुद्ध तो उतरला आणि काही मिनिटांतच पुन्हा मैदानाबाहेर गेला. त्यानंतर दीड वर्षाच्या आसपास तो खेळूच शकला नाही. त्याच हंगामात पोर्ट्समथने दुसऱ्या पायरीचे विजेतेपद मिळवले आणि सहकारी प्रीमियर लीगमध्ये गेले. हाऊच्या नावावर पोर्ट्समथकडून लीगचे फक्त दोन सामने आहेत.

२००४ मध्ये बोर्नमथने त्याला परत आणायचे ठरवले, आधी उसना म्हणून. कायमचा घ्यायचा तर पोर्ट्समथला पैसे द्यावे लागणार होते आणि क्लबची तिजोरी रिकामी होती. मग समर्थकांनीच वर्गणी काढली. 'एडीशेअर' असे नाव दिलेल्या या निधीत दोन-चार दिवसांत सुमारे २१ हजार पौंड जमले आणि हाऊ घरी आला. एका दुखापतग्रस्त बचावपटूसाठी गावाने खिशात हात घातला, कारण तो आपला आहे ही भावना पक्की होती. पुढे या माणसाने बोर्नमथसाठी जे केले त्याचा हिशेब मांडताना हे २१ हजार पौंड विसरून चालणार नाही.

गुडघा मात्र पूर्ण बरा झालाच नाही. डिसेंबर २००६ मध्ये मॅनेजर केव्हिन बाँड यांनी त्याला खेळाडू-प्रशिक्षक केले. २००७ मध्ये, तिशीच्या उंबरठ्यावर, त्याने खेळणे थांबवले. दोन्ही काळ मिळून तो बोर्नमथकडून लीगचे अडीचशेहून अधिक सामने खेळला, बहुतेक सगळे तिसऱ्या-चौथ्या पायरीवर.

दुखापतीमुळे लवकर थांबलेले खेळाडू चांगले प्रशिक्षक होतात, असा काही नियम नाही. पण अशी उदाहरणे बरीच सापडतात. जर्मनीचा थॉमस टुखेल तिसऱ्या पायरीवर उल्म शहराच्या संघात खेळत असताना गुडघ्यामुळे पंचविशीतच थांबला. युर्गन क्लॉप दुखापतीने थांबला नाही, पण तोही खालूनच आला : त्याने आपली सगळी व्यावसायिक कारकीर्द माइन्त्स या दुसऱ्या पायरीवरच्या क्लबमध्ये काढली आणि तिथेच २००१ मध्ये प्रशिक्षक झाला. यात एक साधे कारण दिसते. ज्याला खेळ आपसूक येतो त्याला तो कसा येतो हे सांगता येईलच असे नाही. ज्याला आपल्या मर्यादा रोज जाणवतात त्याला उभे कुठे राहायचे, मान कधी वळवायची, कोणाला हाक मारायची, याचा सतत विचार करावा लागतो. तो विचार पुढे दुसऱ्याला शिकवता येतो. आणि वर्ष-दीड वर्ष बाहेर बसून सामने पाहावे लागले, तर तो अधिकच धारदार होतो.

१७ गुण वजा

फेब्रुवारी २००८ मध्ये बोर्नमथ क्लब पुन्हा कर्जात बुडाला आणि प्रशासकांच्या ताब्यात गेला. नियमाप्रमाणे १० गुण कापले गेले आणि संघ तिसऱ्या पायरीवरून चौथ्यावर घसरला. दिवाळखोरीतून बाहेर पडताना धनकोंशी करायचा करार नियमांप्रमाणे झाला नाही, म्हणून पुढच्या हंगामासाठी आणखी १७ गुण वजा झाले. एका विजयाचे तीन गुण. म्हणजे इतर संघ शून्यापासून धावायला लागले तेव्हा बोर्नमथला नुसते शून्यावर पोहोचायलाच पाच विजय आणि दोन बरोबऱ्या लागणार होत्या.

हंगामाच्या सुरुवातीलाच बाँड यांना काढले आणि हाऊही त्यांच्याबरोबर बाहेर पडला. नवे मॅनेजर जिमी क्विन यांनी त्याला युवा संघासाठी परत बोलावले. वर्ष संपता संपता क्विनही गेले. क्लबला नवा, नावाजलेला माणूस परवडणार नव्हता. ३१ डिसेंबर २००८ रोजी हाऊकडे तात्पुरती सूत्रे आली. पहिले दोन्ही सामने, डार्लिंग्टन आणि रॉदरहॅमविरुद्धचे, तो हरला. तरीही जानेवारीत त्याला कायम केले. वय ३१. त्या वेळी फुटबॉल लीगमधला तो सर्वांत तरुण मॅनेजर होता. त्याच्या जोडीला सहायक म्हणून जेसन टिंडल आला. तोही बोर्नमथचाच माजी बचावपटू. ही जोडी पुढे प्रत्येक क्लबमध्ये बरोबर राहिली.

हाऊने जे पहिले बदल केले त्यांतला एक पाहण्यासारखा आहे. त्याने स्टीव्ह फ्लेचरला परत बोलावले. उंचापुरा आघाडीपटू, वय ३६, क्लबसाठी सर्वाधिक सामने खेळलेला. मधल्या काळात तो व्यावसायिक लीगच्याही खालच्या स्तरावर क्रॉली टाउनमध्ये खेळत होता. कागदावर हा निर्णय भावनेचा वाटेल. पण हाऊ त्याच्याबरोबर वर्षानुवर्षे खेळला होता. हवेतला चेंडू तो कसा खाली आणतो आणि ड्रेसिंग रूममध्ये त्याच्या शब्दाला काय किंमत आहे, हे त्याला ठाऊक होते.

२५ एप्रिल २००९. हंगामातला घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना, समोर ग्रिम्सबी. जिंकले तर लीगमधली जागा पक्की. सामना १-१ असा अडकलेला असताना ८० व्या मिनिटाला फ्लेचरने गोल केला आणि बोर्नमथ २-१ ने जिंकला. हंगामाअखेर संघाचे ४६ गुण झाले आणि तो २१ व्या क्रमांकावर राहिला. कापलेले १७ मिळवले तर ६३ होतात. ही कमाई मधल्या फळीतल्या संघाची होती आणि ती करणारा संघ तळात पडलेला, पैसा नसलेला होता. आज त्या मैदानातल्या एका स्टँडला फ्लेचरचे नाव आहे.

या एका गोलाचे मोल नीट समजून घ्यायला हवे. लीगमधून बाहेर पडले असते तर टीव्हीचे आणि लीगचे पैसे आटले असते आणि आधीच डबघाईला आलेला क्लब कदाचित उरलाच नसता. पुढचा हंगाम त्यांनी नवे खेळाडू घेण्यावर बंदी असताना काढला. सामन्याच्या दिवशी बदली खेळाडूंचे बाक भरायलाही माणसे कमी पडत. त्याच हंगामात, २००९-१० मध्ये, संघ दुसरा आला आणि तिसऱ्या पायरीवर गेला. खेळाडू घेता येत नव्हते, तेव्हा जे होते त्यांच्याकडूनच काम करून घ्यायचे होते.

त्याच माणसांबरोबर वर

जानेवारी २०११ मध्ये दुसऱ्या पायरीवरच्या बर्नलीने हाऊला नेले. इंग्लंडच्या उत्तरेकडच्या या जुन्या गिरणी-शहरात त्याने तरुण खेळाडू जमवले : मँचेस्टर सिटीत संधी न मिळालेला कीरन ट्रिपियर, कधीकाळी विटा रचण्याचे काम केलेला चार्ली ऑस्टिन, बोर्नमथमधून आलेला डॅनी इंग्ज. पण निकाल मध्यमच राहिले. मार्च २०१२ मध्ये त्याची आई वारली. ऑक्टोबर २०१२ मध्ये त्याने घराजवळ परत जायचे ठरवले. बोर्नमथ तेव्हा तिसऱ्या पायरीवर खालच्या भागात चाचपडत होता. आहे त्यापेक्षा खालच्या पायरीवरच्या क्लबकडे स्वतःहून जाणे, याला बरेच लोक माघार म्हणतील. हाऊच्या कारकिर्दीतला सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच ठरला.

त्या हंगामाअखेर बोर्नमथ दुसरा आला आणि चॅम्पियनशिपमध्ये पोहोचला. तिथे पहिल्या वर्षी दहावा. दुसऱ्या वर्षी, २०१४-१५ मध्ये, थेट पहिला : ९० गुण, ९८ गोल. ऑक्टोबरमध्ये बर्मिंगहॅमच्या मैदानावर ८-० असा विजय. २७ एप्रिल २०१५ ला बोल्टनला ३-० हरवल्यावर बढती जवळपास पक्की झाली आणि २ मेला चार्लटनच्या मैदानावर विजेतेपद मिळाले.  क्लबच्या इतिहासात प्रथमच तो पहिल्या पायरीवर आला. त्याच वसंतात फुटबॉल लीगने हाऊचा दशकातला सर्वोत्तम मॅनेजर म्हणून गौरव केला.

हा संघ कोणाचा होता, ते बघा. हॅरी आर्टर २०१० मध्ये लीगबाहेरच्या वोकिंगमधून चार हजार पौंडांना आलेला. मार्क प्यू हेरफर्डमधून आलेला. डावा बचावपटू चार्ली डॅनियल्स लेटन ओरिएंटमधून, सायमन फ्रान्सिस चार्लटनमधून, स्टीव्ह कुक ब्रायटनच्या राखीव फळीतून. यांतले बरेच जण बोर्नमथबरोबर तिसऱ्या पायरीवर खेळले आणि पुढे प्रीमियर लीगमध्येही त्याच जागी टिकले. क्लब वर गेला की जुने खेळाडू बदलायचे, हा रिवाज हाऊने मोडला. सरावात रोज तीच कवायत : मागून पास देत चेंडू पुढे न्यायचा, दबाव आला तरी टोलवायचा नाही, पाय आणि डोके दोन्ही शांत ठेवायचे. वर्षानुवर्षे एकच गोष्ट घोटली की साधा खेळाडूही ती वरच्या पातळीवर करू शकतो, हे या संघाने दाखवले.

कॅलम विल्सनची गोष्टही याच जातीची. २०१४ मध्ये तो तिसऱ्या पायरीवरच्या कोव्हेंट्रीमधून आला आणि पहिल्याच वर्षी लीगमध्ये २० गोल केले. प्रीमियर लीगच्या पहिल्या हंगामात त्याच्या एका गुडघ्याचा लिगामेंट फाटला, २०१७ मध्ये दुसऱ्या गुडघ्याचा. दोन्ही वेळा तो परत उभा राहिला आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये इंग्लंडकडून पदार्पणाच्या सामन्यात गोल केला. गुडघ्याने ज्याची स्वतःची कारकीर्द खाल्ली होती, अशा प्रशिक्षकाच्या हाताखाली हे घडले.

या यशात पैशाचा वाटा होता, हेही सांगितले पाहिजे. २०११ पासून रशियन उद्योजक मॅक्सिम डेमिन यांनी क्लबमध्ये पैसा घातला. बढतीच्या हंगामात क्लबने तोट्याची मर्यादा ओलांडली, म्हणून लीगने ७६ लाख पौंडांचा दंड ठोठावला, जो पुढे तडजोडीत कमी झाला. तरीही साडेअकरा हजारांच्या आतबाहेर प्रेक्षक मावणाऱ्या मैदानाचा क्लब पाच हंगाम प्रीमियर लीगमध्ये राहिला, एकदा नववाही आला. डिसेंबर २०१५ मध्ये एकाच पंधरवड्यात त्यांनी चेल्सी आणि मँचेस्टर युनायटेड दोघांना हरवले. एका वर्षानंतर लिव्हरपूलविरुद्ध १-३ अशा पिछाडीवरून ४-३ असा विजय मिळवला.

घसरण आणि अभ्यास

हाऊच्या या संघाचे दुखणे बचावात होते. पाच हंगामांत अनुक्रमे ६७, ६७, ६१, ७० आणि ६५ गोल त्यांनी खाल्ले. स्वतः सेंटर बॅक असलेल्या प्रशिक्षकाचा संघ इतके गोल खातो, यावर टीका होत राहिली आणि ती रास्त होती. पैसा आल्यावर घेतलेले काही महागडे खेळाडूही लागू पडले नाहीत. लिव्हरपूलहून दीड कोटी पौंडांना आलेल्या जॉर्डन आइबची आठवण बोर्नमथचे समर्थक आजही नाराजीने काढतात. स्वस्तात आलेल्या, भुकेल्या मुलांना घडवणारा प्रशिक्षक मोठ्या किमतीच्या खेळाडूंना तितक्याच खात्रीने घडवू शकला नाही.

२६ जुलै २०२० रोजी, कोविडमुळे लांबलेल्या हंगामाच्या शेवटच्या दिवशी, बोर्नमथने एव्हर्टनला ३-१ हरवले. तरी ३४ गुणांवर ते थांबले आणि अ‍ॅस्टन व्हिला ३५ वर. एका गुणाने संघ खाली घसरला. काही दिवसांतच हाऊने क्लब सोडला.

पुढचे सव्वा वर्ष तो कामाविना होता. पण या काळात तो घरी बसून राहिला नाही. दिएगो सिमिओने यांच्या अ‍ॅटलेटिको माद्रिदकडे जाऊन त्याने सराव पाहिला. याच शहरातल्या रायो व्हायेकानो या छोट्या क्लबमध्ये आंदोनी इराओला यांचे काम पाहिले. सिमिओनेंचे संघ घट्ट बचावासाठी ओळखले जातात, इराओलांचे संघ प्रतिस्पर्ध्याला चेंडू मिळताच झडप घालण्यासाठी. आपल्याला नेमके काय येत नाही, हे ओळखून हाऊ ते शिकायला गेला. पुढे त्याच्या संघात दोन्ही गोष्टी दिसल्या.

न्यूकॅसल

ऑक्टोबर २०२१ मध्ये सौदी अरेबियाच्या सार्वजनिक गुंतवणूक निधीने न्यूकॅसल युनायटेडची ८० टक्के मालकी घेतली. या व्यवहारावर मानवी हक्कांच्या मुद्द्यावरून कडाडून टीका झाली आणि ती आजही चालू आहे. ८ नोव्हेंबरला हाऊ मॅनेजर झाला तेव्हा संघाने त्या हंगामात ११ पैकी एकही लीग सामना जिंकला नव्हता. खर्चाला पैसा होता, पण जानेवारीपर्यंत खेळाडू घेता येणार नव्हते. म्हणजे पुन्हा तेच : जे आहेत त्यांच्यावर काम. ड्रेसिंग रूममध्ये तीन चेहरे ओळखीचे होते. कॅलम विल्सन, मॅट रिची आणि रायन फ्रेझर, तिघेही बोर्नमथमध्ये त्याच्याच हाताखाली तयार झालेले.

३० नोव्हेंबर, नॉर्विचविरुद्धचा सामना. नवव्या मिनिटाला न्यूकॅसलच्या कियारन क्लार्कला लाल कार्ड मिळाले. दहा जणांनिशी खेळताना हाऊने ब्राझीलच्या जोएलिंटनला मागे, मध्यफळीत घेतले. २०१९ मध्ये क्लबने चार कोटी पौंड देऊन आणलेला हा स्ट्रायकर गोल करत नाही म्हणून चेष्टेचा विषय झाला होता. त्या दिवशी तो धावला, भिडला, चेंडू हिसकावत राहिला. सामना १-१ बरोबरीत सुटला. त्यानंतर जोएलिंटन मध्यफळीतच राहिला आणि थोड्याच काळात ब्राझीलच्या राष्ट्रीय संघात पोहोचला. खेळाडू तोच होता. त्याची ताकद गोल करण्यापेक्षा भिडण्यात आहे, हे ओळखणारा माणूस त्याला भेटला.

४ डिसेंबरला विल्सनच्या गोलावर न्यूकॅसलने हंगामातला पहिला विजय मिळवला, तोही हाऊच्या जुन्या बर्नलीविरुद्ध. जानेवारीत ट्रिपियर, ब्रुनो गिमारायस आणि डॅन बर्न आले. पहिले १४ सामने विनाविजय काढूनही प्रीमियर लीगमध्ये टिकून राहणारा न्यूकॅसल हा पहिला संघ ठरला. तो टिकला एवढेच नाही, ११ वा आला. पुढच्या हंगामात, २०२२-२३ मध्ये, चौथा. त्या हंगामात त्यांनी फक्त ३३ गोल खाल्ले. बोर्नमथच्या कोणत्याही हंगामाच्या आकड्याशी हा ताडून पाहा, म्हणजे त्या सव्वा वर्षाच्या अभ्यासाचे फळ कळेल. ऑक्टोबर २०२३ मध्ये २० वर्षांनी चॅम्पियन्स लीगचा सामना आपल्या मैदानावर पाहणाऱ्या न्यूकॅसलकरांनी पॅरिस सेंट जर्मेनवरचा ४-१ असा विजय पाहिला.

१६ मार्च २०२५

लीग चषकाचा अंतिम सामना, वेम्ब्ली, समोर लिव्हरपूल. ४५ व्या मिनिटाला न्यूकॅसलला कॉर्नर मिळाला. कॉर्नर घेणारा ट्रिपियर, ज्याला हाऊने बर्नलीत घडवले होते. चेंडू गर्दीच्या मागे, लांबवर गेला आणि साडेसहा फुटांचा डॅन बर्न तिथे मोकळा उभा होता. त्याने इतक्या दुरून डोके लावले की गोलरक्षकाला अंदाजच आला नाही. उत्तरार्धात न्यूकॅसलच्या इसाकने दुसरा गोल केला. लिव्हरपूलकडून किएजाने भरपाई वेळेत एक परत केला. निकाल २-१. १९५५ च्या एफ. ए. चषकानंतर न्यूकॅसलला मिळालेला हा पहिला मोठा देशांतर्गत चषक. आणि २००८ मध्ये पोर्ट्समथला एफ. ए. चषक जिंकून देणाऱ्या हॅरी रेडनॅप यांच्यानंतर मोठा देशांतर्गत चषक जिंकणारा हाऊ हा पहिला इंग्लिश मॅनेजर. चार लाख पौंड देऊन त्याला बोर्नमथबाहेर नेणारे तेच रेडनॅप.

बर्नचा प्रवासही सांगायला हवा. तो न्यूकॅसलजवळच्या ब्लाइथचा. लहानपणी, ११ व्या वर्षी, न्यूकॅसलच्या अकादमीने त्याला काढून टाकले. मग सुपरमार्केटमध्ये काम, ब्लाइथ स्पार्टन्सच्या युवा संघात खेळ, नंतर चौथ्या पायरीवरचा डार्लिंग्टन. अंतिम सामन्याच्या दोनच दिवस आधी, ३२ व्या वर्षी, त्याची प्रथमच इंग्लंडच्या संघात निवड झाली होती. निवडणारा प्रशिक्षक होता थॉमस टुखेल, उल्मच्या तिसऱ्या पायरीवर गुडघा गमावलेला. गोलरक्षक निक पोपही लहान क्लबांतून, लीगच्या बाहेरून वर आलेला. वेम्ब्लीवर त्या दिवशी खालच्या लीगमध्ये घडलेली माणसे जागोजाग होती.

पायरी टिकली पाहिजे

१९९२ मध्ये प्रीमियर लीग सुरू झाल्यापासून एकाही इंग्लिश मॅनेजरला ती जिंकता आलेली नाही. यावर चर्चा होते तेव्हा परदेशी प्रशिक्षकांची तयारी आणि इंग्लिश क्लबमालकांची घाई यांना दोष दिला जातो. प्रशिक्षक घडतात कुठे, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. हाऊच्या बाबतीत त्याचे उत्तर स्पष्ट आहे. दिवाळखोर क्लबला दुसरा कोणी परवडत नव्हता, म्हणून ३१ वर्षांच्या मुलाला संधी मिळाली. पहिले दोन सामने हरल्यावरही त्याला ठेवले गेले. मोठ्या क्लबमध्ये हे घडणे अशक्य आहे.

म्हणून खालच्या लीगचे भवितव्य हा केवळ त्या-त्या गावाचा प्रश्न उरत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये बरी हा १८८५ मध्ये स्थापन झालेला क्लब कर्जापायी लीगमधून बाहेर काढला गेला. पुढच्याच वर्षी मॅकल्सफील्ड टाउन न्यायालयाच्या आदेशाने बंद झाला. फ्लेचरचा गोल झाला नसता तर या यादीत बोर्नमथचे नाव असू शकले असते आणि हाऊ आज कदाचित कुठल्या तरी शाळेत खेळाचा तास घेत असता. क्लबांच्या आर्थिक व्यवहारांवर लक्ष ठेवण्यासाठी ब्रिटिश संसदेने २०२५ मध्ये स्वतंत्र नियामक नेमणारा कायदा केला, तो अशाच अनुभवांतून. त्याने किती क्लब वाचतील ते पुढे दिसेल, पण दिशा योग्य आहे. प्रीमियर लीगच्या अफाट उत्पन्नातला मोठा वाटा खालच्या ७२ क्लबांपर्यंत पोहोचायला हवा. त्या पैशातून नुसते स्टँड आणि पगार उभे राहत नाहीत. जो खेळाडू हाताशी आहे त्याला अधिक चांगला कसा करायचा, हे शिकलेली माणसे तिथे तयार होतात, आणि अशा माणसांची गरज सर्वांत श्रीमंत क्लबलाही पडते.